उपाशी रानाची वर्दी

नगर-सोलापूर रस्त्यावरचं आमचं मिरजगाव हे कर्जत तालुक्यातलं ज्वारीचं गाव. कोवळ्या ज्वारीच्या पानांवर जांभळी झाक दिसली की वडील म्हणायचे, ‘‘रान उपाशी हाय.’’ मग उधारीवर सुपर फॉस्फेटची पोती यायची. पीक कधी साधायचं, कधी नाही. उधारी मात्र राहायची.

पुढे शिकल्यावर कोडं उलगडलं. चुनखडीच्या काळ्या रानात फॉस्फेट कॅल्शियमशी बांधलं जातं. घातलेल्या खतातलं थोडंच त्या हंगामाच्या पिकाला मिळतं. म्हणजे कोठार भरलेलं, पण कुलूपबंद!

किल्ली असते जिवाणूंकडे. १९४८ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ पिकोव्स्काया यांनी ते ओळखण्याची सोपी रीत दिली : फॉस्फेट घातलेल्या पांढुरक्या थरावर जिवाणू वाढवायचे, आम्ल सोडून ते फॉस्फेट विरघळवतात आणि भोवती स्वच्छ वलय उमटतं. आपल्याकडे सुंदर राव आणि सिन्हा यांनी १९६३मध्ये माती आणि मुळांभोवतीच्या अशा जिवाणूंवर लिहिलं.

पण जिवाणूला टंचाई कळते कशी? १९६०मध्ये ॲनामारिया टोरियानी यांनी आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूत दाखवलं, की फॉस्फेट संपत आलं की तो फॉस्फटेज हे विकर भरपूर बनवतो. सेंद्रिय पदार्थात अडकलेलं फॉस्फेट हे विकर तोडून मोकळं करतं. पुढे यंत्रणा उलगडली. पेशीच्या वेशीवरचं एक प्रथिन टंचाई ओळखतं आणि आतल्या दुसऱ्या प्रथिनाला वर्दी देतं. गंमत म्हणजे ही वर्दी फॉस्फेटचाच एक कण चिकटवून दिली जाते! मग योग्य जनुकं जागी होतात.

माती आणि शेणात राहणारे मिक्सोजिवाणू याहून नवलाचे. अन्न सरलं की ते हजारोंनी एकत्र येऊन इवलंसं फळ उभारतात आणि त्यात बीजाणू होऊन तग धरतात. स्पेनमधल्या ग्रानादाच्या संशोधकांनी २००० नंतरच्या काही वर्षांत दाखवलं, की फॉस्फेटची वर्दी देणाऱ्या प्रथिनांच्या जोड्या या घडणीतही लागतात.

आज जिवाणूखतं बाजारात आहेत. पण जिवाणू फॉस्फेट निर्माण करत नाही, असलेलं सोडवतो. चुनखडीच्या जमिनीत त्याचं आम्लही लवकर मारलं जातं. म्हणून आधी माती तपासावी, शेणखत घालावं, मगच पोत्याचा हिशेब करावा.

वडिलांचं निदान बरोबर होतं, रान उपाशीच होतं. फक्त कोठार रिकामं नव्हतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.