अडीच मिनिटं, अडीच थर: चीअरलीडिंगला मोजपट्टी कशी मिळाली?

‘चीअरलीडर’ म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना आयपीएल आठवते. चौकार गेला की सीमारेषेबाहेर नाचणाऱ्या मुली. पण अमेरिकेत याच नावाचा एक खेळ आहे, ज्यात शेजारी दुसरा कुठला सामना चालूच नसतो. ज्याचा जयजयकार करायचा तो संघही नसतो. असते फक्त ५४ फूट रुंद आणि ४२ फूट खोल अशी स्प्रिंग बसवलेली जागा, अडीच मिनिटांचं संगीत आणि समोर बसलेले परीक्षक. याला म्हणतात ऑल-स्टार चीअरलीडिंग.

आजचा प्रश्न साधा आहे. माणसांच्या मनोऱ्याला गुण कसे द्यायचे? दहीहंडीत आपण थर मोजतो. किती लागले, सलामी दिली का, सुखरूप उतरले का, संपलं. अमेरिकेतही सुरुवातीला नजर उंचीवरच असायची. ती तिथून हलवायला बरीच वर्षं लागली, आणि त्याची किंमत काही मुलींनी आपल्या शरीरानं मोजली.

चला, सुरुवातीपासून बघू. २ नोव्हेंबर १८९८. मिनेसोटा विद्यापीठाचा फुटबॉल सामना. जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांकडून एका सुरात घोषणा म्हणवून घेतल्या. चीअरलीडिंगचा जन्म इथला मानतात. आणि हो, हे काम तेव्हा पुरुषांचं होतं! याच विद्यापीठात १९२३ मध्ये मुली आल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात मुलगे सैन्यात गेल्यावर हे क्षेत्र मुलींचंच झालं. या सगळ्या काळात परीक्षक एकच होता, तो म्हणजे गर्दी. गर्दी ओरडली की तुम्ही पास.

पुढे आले लॉरेन्स हर्किमर. त्यांनी १९४८ मध्ये टेक्सासमध्ये पहिलं प्रशिक्षण शिबिर घेतलं. ५२ मुली आणि एक मुलगा! त्यातून नॅशनल चीअरलीडर्स असोसिएशन उभी राहिली. त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या जेफ वेब यांनी १९७४ मध्ये वेगळी संस्था काढली. तीच पुढे ‘व्हर्सिटी’ नावाची मोठी कंपनी झाली. वेब यांनी कोलांट्या, उचल आणि मनोरे यांवर भर दिला. १९७८ मध्ये सीबीएस वाहिनीनं कॉलेजांची स्पर्धा देशभर दाखवली आणि मामला बदलला. मैदानाच्या कडेला गर्दीसाठी जे चालायचं, ते आता कॅमेऱ्यासाठी आणि बक्षिसासाठी होऊ लागलं.

बक्षीस आलं म्हणजे उंची आली. आणि उंची आली म्हणजे पडणंही आलं. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कॉलेजांमध्ये गंभीर अपघात झाले होते, मनोऱ्यावरून पडून मृत्यूही झाला होता. १९८७ मध्ये प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि सुरक्षेचे नियम लिहिले जाऊ लागले. याच दशकात शाळा-कॉलेजांशी संबंध नसलेल्या खासगी जिममधून स्वतंत्र संघ निघाले. हेच ऑल-स्टार. यांना शाळा नाही, फुटबॉल संघ नाही, त्यामुळे हळूहळू घोषणाही गळून पडल्या. उरली ती निव्वळ कसरत.

२००३ मध्ये यूएसएएसएफ ही संस्था आली, २००४ मध्ये ऑर्लँडोला पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि देशभराच्या ऑल-स्टारसाठी एक नियमावली तयार झाली. त्यात मनोऱ्याच्या थरांची व्याख्या बघा, फार मजेशीर आहे. ‘दोन थर’ म्हणजे वर असलेल्या प्रत्येक मुलीचा मुख्य भार अशा व्यक्तीनं घ्यायचा, जिचे पाय जमिनीवर आहेत. ‘अडीच थर’ म्हणजे अगदी वरची मुलगी आणि जमीन यांच्यामध्ये माणसांचे दोन थर. बहुतेक पातळ्यांवर दोनच थर चालतात. अडीच थरांची परवानगी फक्त सर्वांत वरच्या पातळीला. त्यापुढे कुणालाच नाही.

म्हणजे उंचीला कुलूप लागलं. मग गुण कशाचे? तर जोडणीचे आणि हालचालीचे. इथला मनोरा आपल्या हंडीसारखा निमुळता डोंगर नसतो. तो असतो शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या गटांचा पूल. खाली पेलणाऱ्या त्या ‘बेस’, मागे उभी राहून वरच्या मुलीचं डोकं-मान सांभाळणारी ती ‘बॅकस्पॉट’ आणि वर जाणारी ती ‘फ्लायर’. फ्लायर एकमेकींचे हात धरतात, एक आकृती मोडते, दुसरी बनते, मधली मुलगी क्षणभर हवेत सुटते आणि पुन्हा पेलली जाते. परीक्षक विचारतात: किती आकृत्या झाल्या? एका पायावर की दोन? एका आकृतीतून दुसरीत कशा गेल्या? ही झाली काठिण्याची बाजू. दुसरी बाजू सफाईची: गुडघा ताठ आहे का, सगळ्या एकाच ठोक्यावर वर गेल्या का, बेसचे पाय हलले का. कोलांट्या, उड्या, नृत्य, जागा बदलण्यातली सहजता यांचे गुण वेगळे. वीस-पंचवीस जणी एकाच वेळी हलताना एकट्या माणसाला सगळं दिसणं शक्य नाही, म्हणून परीक्षक काम वाटून घेतात. चुका मोजायला आणि नियमभंग पकडायला वेगळी माणसं बसतात. वरची मुलगी डगमगली तर कमी कपात, पडली तर जास्त, अख्खी रचना कोसळली तर त्याहून जास्त.

पण माझ्या मते खरी युक्ती आहे ती पातळ्यांची. आज सात पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत फ्लायरला शेजारच्या मुलीच्या आधाराशिवाय डोक्यावरच्या उंचीवर उभं करायचंच नाही. एखाद्या संघानं हौसेनं केलंच, तर त्यांचे गुण कापले जातात! अवघड करून दाखवलं म्हणून बक्षीस नाही, उलट दंड. गर्दी नेमकं उलटं करते, नाही का? ती धाडसाला टाळ्या देते.

हा फरक मार्च २००६ मध्ये सगळ्या देशाला दिसला. सेंट लुईसमधल्या कॉलेज बास्केटबॉलच्या सामन्यात, म्हणजे ऑल-स्टारच्या बाहेर, एक चीअरलीडर मनोऱ्यावरून डोक्यावर पडली. स्ट्रेचरवरून नेताना बँडनं विद्यापीठाचं गाणं सुरू केलं, आणि ती झोपल्या जागी हातांनी हालचाली करत राहिली. मणक्याला इजा, आणि गर्दीच्या टाळ्या! त्यानंतर बास्केटबॉलच्या उघड्या लाकडी मैदानावर मॅटशिवाय असे उंच मनोरे करायला बंदी आली.

मग २०१० चा खटला. कनेक्टिकटमधल्या क्विनिपिॲक विद्यापीठानं मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून स्पर्धात्मक चीअरलीडिंग हा मुलींचा खेळ म्हणून मोजायचं ठरवलं. व्हॉलीबॉलच्या खेळाडू आणि प्रशिक्षक कोर्टात गेल्या. न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांनी निकाल दिला, की समान संधीच्या कायद्यापुरता हा अजून खेळ मानता येत नाही. कारण काय? मुली कष्ट करत नाहीत असं ते म्हणाले नाहीत. पण विद्यापीठाचा संघ कधी शाळकरी मुलींशी, कधी ऑल-स्टार संघांशी स्पर्धा करत होता, आणि गुण द्यायच्या पद्धती ठिकठिकाणी वेगळ्या होत्या. २०१२ मध्ये अपील कोर्टानंही हेच उचलून धरलं. म्हणजे खेळ ठरण्यात सारखी मोजपट्टी हा एक मोठा मुद्दा होता.

मग ही मोजपट्टी कुणाच्या हातात? ऑल-स्टारचे सुरक्षा नियम एक असले, तरी गुणपत्रिका स्पर्धा भरवणाऱ्यांची असते. मोठ्या स्पर्धांपैकी बऱ्याचशा व्हर्सिटीच्या, गणवेशही तिचेच, आणि यूएसएएसएफच्या उभारणीतही तिचा पैसा होता. मक्तेदारीच्या आरोपावरचे दोन मोठे खटले कंपनीनं २०२३ आणि २०२४ मध्ये भरपाई देऊन मिटवले. दुसरीकडे ऑलिंपिक समितीनं २०२१ मध्ये या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली.

तर मंडळी, गुणपत्रिका हा कंटाळवाणा कागद वाटतो. पण दहा वर्षांची मुलगी उद्या सरावाला काय करून बघणार, हे त्यातल्या रकान्यांवर ठरतं. रकाना उंचीचा असेल तर ती उंच चढेल. सफाईचा असेल तर गुडघा ताठ करेल. म्हणून कुठलीही स्पर्धा बघताना, अगदी आपल्या गल्लीतलीसुद्धा, एकदा विचारा: इथे गुण नक्की कशाला आहेत?

विचार करा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात!