खेचरावरून आलेला टीव्ही

हप्ते, व्याज, बँकेची फेरी हे आपलं नेहमीचं बोलणं आज जरा बाजूला ठेवू. आज आम्ही तुम्हाला क्युबाला नेणार आहोत. अमेरिकेच्या दक्षिणेला समुद्रात हे बेट आहे. भाषा स्पॅनिश, पिकं ऊस, तंबाखू आणि डोंगरात कॉफी.

या बेटावर टीव्ही फार लवकर आला, १९५० साली. आपल्या देशात दिल्लीला तो १९५९ मध्ये सुरू झाला आणि मुंबईला यायला १९७२ उजाडलं. पण क्युबातला टीव्ही राजधानी हवानाचा होता. खाजगी कंपन्यांचा, साबणाच्या जाहिरातींवर चालणारा. १९५९ साली तिथे क्रांती झाली, पुढच्या वर्षी टीव्ही सरकारने ताब्यात घेतला. डोंगरातल्या माणसांना मात्र पडदा म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. सरकारने गाडीवर यंत्र चढवून गावोगाव सिनेमा दाखवायला सुरुवात केली. १९६७ साली एका डोंगरी वस्तीवर चार्ली चॅप्लिनचा सिनेमा नेला, तेव्हा बघणाऱ्यांचे चेहरे एका दिग्दर्शकाने टिपून ठेवले. म्हाताऱ्या बाया तोंडावर हात ठेवून हसताहेत, पोरं हसता हसता पेंगायला लागलीत. दहा मिनिटांची फिल्म आहे, पण ते चेहरे आम्हाला आपल्या गावातले वाटतात.

पण हे झालं बघण्याचं. स्वतःचं दाखवायचं कोणी?

पूर्वेकडे सिएरा माएस्त्रा नावाची डोंगररांग आहे. तिथल्या सान पाब्लो दे याओ या खेड्यात १९९३ च्या जानेवारीत एक टीव्ही केंद्र सुरू झालं. नाव ‘तेलेविसिओन सेर्राना’, म्हणजे डोंगरातला टीव्ही. दानिएल दिएस हे त्याचे संस्थापक. वेळ कोणती निवडली बघा! १९९१ ला सोव्हिएत संघ मोडला आणि क्युबाला मिळणारं स्वस्त तेल आटलं. तासन्‌तास वीज जायची, बस बंद, साबण मिळेना, खाण्याचीही ओढाताण. अशा दिवसांत कॅमेरे आणायचे कुठून? युनेस्कोने मदत केली, छोट्या शेतकऱ्यांची संघटना पाठीशी राहिली. आमच्यासारख्या घरखर्च सांभाळणाऱ्या बाईला पहिला प्रश्न पडतो, अंगाला साबण नाही तिथे टीव्ही कशाला? प्रश्न चुकीचा नाही. पण तंगीच्या काळात डोंगरातली माणसं आधी विसरली जातात, हेही आपण पाहिलेलं आहे.

टीव्ही केंद्र म्हटलं की उंच मनोरा डोळ्यांपुढे येतो. इथे भर मनोऱ्यावर नव्हता. कॅमेऱ्याचं सामान खेचराच्या पाठीवर बांधायचं, पाऊलवाटेनं वस्ती गाठायची, तिथल्या माणसांसोबत राहून त्यांच्या जगण्यावर छोट्या फिल्म करायच्या. मग त्या वस्त्यांवर नेऊन दाखवायच्या, आणि दाखवून झालं की निघून जायचं नाही. लोकांना बोलू द्यायचं. हे बरोबर दाखवलं का, हे का नाही दाखवलं, पाण्याचं काय, रस्त्याचं काय. आपल्या गटाची बैठक रंगते तशीच ती रंगत असणार. यातल्या काही फिल्म पुढे देशभरच्या टीव्हीवरही दिसल्या.

मुलांसाठी त्यांनी चित्रफितीतली पत्रं काढली. डोंगरातली पोरं कॅमेऱ्यापुढे आपली शाळा, नदी, खेळ दाखवायची आणि ते पत्र दुसऱ्या भागातल्या, कधी दुसऱ्या देशातल्या मुलांना जायचं. पत्राला पत्रानेच उत्तर. आम्हाला ही सगळ्यात सुंदर कल्पना वाटते.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. क्युबात टीव्ही सरकारचाच, आणि हे केंद्रही त्यातलंच. त्यामुळे गावातली अडचण मांडता यायची, पण सरकारच्या मुळावर बोट ठेवणं सोपं नव्हतं. ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली, त्याच्यापुढे आवाज जरा खाली येतो. आपल्याकडेही येतो.

तरी त्यांनी काय काय टिपलं! उतारावरून घसरत येणारा लाकडी गाडा, उखळात कॉफी कांडताना पडणारा ताल. केंद्रातल्या रिगोबेर्तो हिमेनेस यांनी १९९० च्या दशकात डोंगरात एकट्या राहणाऱ्या चार बहिणींवर फिल्म केली. कॉफी, घर, जनावरं, सगळं त्याच बघायच्या. त्या बहिणी त्यांच्या मनातून गेल्याच नाहीत. २०१५ साली त्यांनी मोठा कथापट केला, ‘काफे आमार्गो’, म्हणजे कडू कॉफी. त्यातही कॉफीच्या मळ्यात राहणाऱ्या चार बहिणी आहेत, काळ क्रांतीच्या लढाईचा, आणि त्यांच्या दारात एक अनोळखी तरुण आसरा मागत येतो.