यवतच्या महालातली सीख

मागच्या उन्हाळ्यात एका प्रशिक्षणाला गेले होते. दुपारी डबे उघडले. माझ्या डब्यात रात्रीच्या सीखेची चार बोटी होती. शेजारच्या शिक्षिकेने वास घेतला आणि हसत म्हणाली, "मॅडम, तुमचं खाणं मस्त असतं हं. पण आलंय सगळं बाहेरून." तिच्या मनात काही नव्हतं. तिने एक बोटी खाल्लीही. पण मी मराठी शिकवते, तीही उर्दू माध्यमाच्या मुलींना, आणि 'बाहेरून' हा शब्द माझ्या कानावर वर्षातून दहा वेळा पडतो. त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. ते नंतर सुचलं, आणि तेही स्वयंपाकघरात.

झालं असं की धाकट्या लेकीने मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला. क्वालालंपूरच्या रस्त्यावर एक माणूस लांबट शेगडीवर चिकनच्या बारीक काड्या भाजतो आहे, हातात पंखा, बाजूला दाण्याच्या चटणीची वाटी. "अम्मी, हे आपण करू या ना, सातेय." माझ्या सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि निकाल दिला, "ये तो अपनी बोटीच है. बस पतली कर दी."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आपली बोटी म्हणजे नेमकी कोणाची?

सुरुवात घरापासून करते. आपल्या गावाचं नाव अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त आहे. अकबराने १५९६ मध्ये वऱ्हाड घेतलं, आणि त्या वेळच्या वऱ्हाड सुभ्याच्या यादीत 'यवत-लोहारा' असा महाल येतो. यवत म्हणजे आपलं यवतमाळ, आणि लोहारा शहराला लागूनच आहे. मागचं 'माळ' हे 'महाल'चंच रूप, असं जुन्या गॅझेटियरात दिलं आहे. आपलं कळंबही त्या यादीत आहे, सरकारचं ठिकाण म्हणून. मुलींना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. कळंबहून रोज एसटीने येणारी एक मुलगी तर आठवडाभर ऐटीत होती.

आता गंमत अशी की याच ग्रंथाच्या पहिल्या भागात शाही मुदपाकखान्याचा हिशोब आहे आणि त्यात कबाब आहे. दहा शेर मांसाला अर्धा शेर तूप. मीठ, ओलं आलं, कांदा. आणि जिरं, धणे, मिरे, वेलची, लवंग थोडी थोडी. एवढंच. पुन्हा वाचून पाहा, लाल मिरची नाही. मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली आणि हळूहळू देशभर पसरली. आज वऱ्हाडात मिरचीशिवाय बोटी कोणी तोंडात धरणार नाही. म्हणजे कबाब 'बाहेरचा' म्हणायचा तर त्याच्यावरचं तिखट आणखी लांबून आलेलं. ते तिखट माझ्या त्या मैत्रिणीच्या झुणक्यातही होतं.

पण मला त्याही मागे जायचं होतं. बी.एड.च्या काळात मराठीच्या जुन्या खुणा वाचताना 'मानसोल्लास' भेटला होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, त्याचा हा संस्कृत ग्रंथ, साधारण ११२९ चा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यात. मराठीच्या शिक्षकांना हा ग्रंथ माहीत असतो, कारण महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या म्हणतात अशी नोंद त्यात आहे. त्याच ग्रंथाच्या अन्नभोग या भागात मांसाचे लहान तुकडे मसाला लावून, शूलावर ओवून, निखाऱ्यावर भाजायची कृती आहे. त्या पदार्थाला शब्द आहे 'भडित्रक'. शूलावर भाजलेल्या मांसाला 'शूल्य' हा शब्द तर आयुर्वेदाच्या ग्रंथांतही आहे. तेव्हा देवगिरीवर अलाउद्दीनची स्वारी व्हायला दीडशेहून जास्त वर्षं बाकी होती.

यावरून 'बघा, कबाब मूळचा इथलाच' असं मी म्हणणार नाही. तो उलटा आडमुठेपणा झाला. 'सीख' हा शब्द फारसी आहे, 'कबाब' अरबीतून आला आणि त्यांच्याबरोबर भाजण्याच्या नव्या रीतीही आल्या. आपल्या शेजारच्या माळव्यात, मांडूच्या सुलतान गियासशाहच्या 'निमतनामा'त पंधराव्या शतकाच्या शेवटी सीखेच्या कृती लिहिलेल्या सापडतात. आले ते मोकळ्या चुलीवर आले नाहीत, इतकंच माझं म्हणणं. चूल पेटलेली होती. शूल तापलेला होता. सीख त्याच्या शेजारी ठेवली गेली.

आणि मग ती सीख पुढे निघाली. सातेय जावा बेटावरची, आणि अभ्यासकांचा कल असा आहे की तिथे गेलेल्या तमिळ, गुजराती आणि अरब मुसलमान व्यापाऱ्यांच्या कबाबावरून जावाच्या फेरीवाल्यांनी ती घडवली. तिथून मलाया, सिंगापूर. पण व्यापाऱ्यांची वाट त्याहून फार जुनी. इब्न बतूता १३४५ च्या सुमारास सुमात्राच्या पासईला उतरला, तेव्हा तिथला सुलतान शाफई मजहबचा होता. पासईच्या आणि जावातल्या ग्रेसिकच्या जुन्या कबरींवरचे कोरीव संगमरवरी दगड गुजरातच्या खंबायतहून गेलेले आहेत. आपण वऱ्हाडातले लोक हनफी, पण आपले कोकणी भाऊ शाफई आहेत, मलबारचे मोपलेही शाफई, आणि मलेशिया-इंडोनेशियाही शाफई. नकाशावर बोट फिरवा, सगळा किनारा एका धाग्यात येतो.

कोकणच्या लोकांची आणखी एक गोष्ट आहे. डचांनी जावा आणि आसपासच्या बेटांवरून गुलाम आणि कैदी करून माणसं दक्षिण आफ्रिकेच्या केपटाऊनला नेली. त्यांच्याबरोबर सातेय गेली आणि तिथे 'सोसाटी' झाली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमान पोट भरायला त्याच केपटाऊनला पोचले, मराठीची बोली तोंडात घेऊन. हिंदुस्थानातून जावाला, जावाहून आफ्रिकेला गेलेली काडी तिथे परत त्यांच्या ताटात आली असेल. त्यांनी ती ओळखली का, कोणाला ठाऊक. सासूबाईंनी मात्र एका नजरेत ओळखली.

शेवटी आम्ही केलीच. जावात काड्या नारळाच्या झावळीच्या हिराच्या किंवा बांबूच्या असतात. यवतमाळात नारळ कुठला, पण बांबू आहे. बुरडाकडून पतंगाच्या कामट्यांपेक्षा जरा जाड अशा तीसेक काड्या तासून आणल्या आणि तासभर पाण्यात भिजवल्या, नाहीतर मांसाआधी काडीच जळते. अर्धा किलो बिनहाडाचं चिकन, तेही मांडीचं. छातीचं सुकून जातं. बोटाएवढ्या पातळ पट्ट्या. वाटणात लसूण, छोटे कांदे, धणे, जिरं, भरपूर हळद, थोडा गूळ आणि गवती चहाचा खालचा पांढरा दांडा. हा दांडा आपण फेकतो आणि पात चहात टाकतो. तिकडे बरोबर उलटं. चार तास मुरवलं. अंगणात शेगडी पेटवली, धाकटी पंखा घेऊन बसली. भाजताना वरून नारळाच्या दुधाचा हात फिरवायचा, म्हणजे गूळ करपत नाही.

चटणीसाठी फल्लीदाणे भाजून भरड कुटले, चिंच, गूळ, लाल मिरची आणि नारळाचं दूध घालून शिजवले. फल्लीही अमेरिका खंडातलीच, मिरचीची बहीण म्हणा. जावानेही ती आपलीशी केली आणि आपणही. माझ्या मते चटणीच खरी; चिकन तिच्यासाठी निमित्त. थोरलीचं मत वेगळं आहे, तिला गूळ जास्त वाटला.

सासूबाईंनी एक काडी संपवली, दुसरी घेतली आणि म्हणाल्या, "सांभार नहीं डाला?" मग स्वतः उठून सांभार चिरून आणला आणि सगळ्या ताटावर पसरला.

शाळा उघडल्यावर त्या शिक्षिकेसाठी डब्यात सहा काड्या नेल्या. तिने विचारलं, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "आधी खा, मग सोमेश्वर राजापासून सांगते. मधली सुट्टी पुरायची नाही." तिने चटणीची वाटी पुसून खाल्ली आणि कृती मागितली. गवती चहा तिच्या अंगणात आहे. कामट्या मी देणार आहे.