दोष शोधणारे हात : एका जुन्या बंदुकीचा इतिहास

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत लढायांच्या तारखा असतात, सेनापतींची नावे असतात, तहाची कलमे असतात. परंतु ज्या हत्यारांनी त्या लढाया झाल्या ती कोणी घडविली, ती कोठे अडली आणि अडल्यावर कोणी दुरुस्त केली, याचा उल्लेख त्यांत क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात एका जुन्या अमेरिकन बंदुकीच्या निमित्ताने इतिहासाची ही दुसरी बाजू पाहावयाची आहे.

ही बंदूक म्हणजे लिव्हर रायफल. तिच्या चापाभोवतीची लोखंडी कडी हीच तिची लिव्हर होय. कडी खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, घोडा चढतो आणि नवे काडतूस वर येते. कडी परत वर घेतली की ते नळीत जाऊन बसते. एका गोळीनंतर पुन्हा दारू ठासत बसण्याच्या काळात ही सोय केवढी मोठी होती, हे वेगळे सांगावयास नको.

मात्र ही सोय एका दिवसात साधली नाही. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी १८४९ साली अशा बंदुकीचे पेटंट घेतले. आपल्या घरोघरी वापरल्या जाणाऱ्या सेफ्टी पिनचे पेटंटही त्यांनी त्याच वर्षी घेतले होते! हंट यांनी गोळीच्याच पोकळ बुडात दारू भरली होती. परंतु तेवढ्याशा जागेत दारू मावणार किती? गोळीला जोर येईना. बंदुकीची रचनाही नाजूक होती. पुढे लुईस जेनिंग्ज, होरेस स्मिथ, डॅनियल वेसन अशा अनेकांचे हात तिला लागले. १८५५ मध्ये व्होल्कॅनिक नावाची कंपनी निघाली आणि दोनच वर्षांत डबघाईला आली. ती ताब्यात घेणारे ऑलिव्हर विंचेस्टर हे मूळचे शर्ट तयार करणारे कारखानदार होते.

विंचेस्टर यांच्या न्यू हेवन येथील कारखान्यात बेंजामिन टायलर हेन्री हे कसबी कारागीर होते. दोष बंदुकीत आहे त्याहून अधिक काडतुसात आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी धातूच्या पुंगळीचे काडतूस घेतले आणि त्याला साजेशी बंदूक रचून १८६० साली पेटंट मिळविले. या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असे. एका ठिकाणी ठोका चुकला तर बार फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणी ठोका बसेल अशी योजना केली.

तरीही उणिवा राहिल्याच. हेन्री बंदुकीच्या नळीखाली काडतुसांची दुसरी नळी होती. तिला खालून लांबच लांब फट असल्याने धूळ, चिखल आत जाई. पकडण्यास लाकूड नसल्याने तापलेली नळी हाताला भाजे. काडतुसे भरावयाची ती पुढच्या टोकाकडून. १८६६ साली नेल्सन किंग यांच्या सुधारणेने हे दोष दूर झाले. बंदुकीच्या उजव्या बाजूस स्प्रिंगचे लहानसे झाकण आले, तेथून काडतुसे भरता येऊ लागली. फट बंद झाली, नळीखाली लाकूड बसले. एका झाकणाने केवढा फरक पडला पाहा!

याच १८६६ च्या बंदुका १८७० व १८७१ मध्ये तुर्कस्तानच्या उस्मानी सरकारने सुमारे ५०,००० खरेदी केल्या. १८७७ च्या रशिया-तुर्क युद्धात, आजच्या बल्गेरियातील प्लेव्हना येथे, उस्मान पाशांच्या फौजेने लांबच्या माऱ्यासाठी पीबडी-मार्टिनी आणि जवळच्या माऱ्यासाठी विंचेस्टर वापरून जुलैमधील दोन व सप्टेंबरमधील एक असे तीन मोठे हल्ले परतविले. साऱ्या युरोपने त्या शौर्याची दखल घेतली. पण शत्रूने वेढा आवळून रसद तोडली आणि १० डिसेंबर १८७७ रोजी शरणागती पत्करावी लागली. धैर्य कमी पडले नाही, बंदुकाही कमी पडल्या नाहीत.

मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्लेव्हनाच्या खंदकांत १८६६ ची बंदूक लढत होती, तेव्हा न्यू हेवनच्या कारखान्यातून १८७३ चे लोखंडी सांगाड्याचे आणि १८७६ चे अधिक जोरदार काडतुसाचे मॉडेल बाहेर पडले होते. विकत घेणाऱ्याच्या हाती कालचे उत्तर आले, करणाऱ्याने तोवर पुढचा प्रश्न हाती घेतला होता.

आज या बंदुका संग्राहकांकडे व वस्तुसंग्रहालयांत आहेत. त्या दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराची रीतही शिकण्यासारखी आहे. बंदूक रिकामी आहे ना, हे तो प्रथम स्वतः पाहतो. मग हत्यार न लावता लिव्हर हळूहळू चालवून नेमके कोठे अडते ते पाहतो. पुष्कळदा शंभर वर्षांचे वाळलेले वंगण हाच रोग असतो. काडतूस पुढे सरकत नसेल तर नळीची स्प्रिंग किंवा नळीला आलेला पोचा तपासावा लागतो. बार होत नसेल तर घोड्याची स्प्रिंग व ठोका देणारी पिन. कधी सारे भाग ठीक असूनही बंदूक अडते. १८७३ च्या बंदुकीत काडतूस वर उचलणारा ठोकळा एकाच काडतुसाच्या मापाचा असतो. काडतूस लांब झाले तर ठोकळा उठत नाही. आखूड झाले तर मागोमागचे काडतूस त्यात डोकावते आणि तो अडकतो. अशा वेळी कानशीने ठोकळा घासणारा अडाणी बंदूक कायमची बिघडवितो, आणि जाणता माणूस काडतूस मोजतो.

१८८६ च्या मॉडेलमध्ये जॉन ब्राउनिंग यांनीही हेच केले. मोठ्या काडतुसांचा जोर गुडघ्यासारख्या जुन्या सांध्याला पेलत नाही, हे पाहून त्यांनी ठिगळ न लावता कुलूपबंदीची रचनाच बदलली.

विद्यार्थी मित्रांनो, हंटपासून ब्राउनिंगपर्यंत सदतीस वर्षांचा हा इतिहास एका अर्थी दुरुस्तीचाच इतिहास आहे. प्रत्येकाने आधीच्याचे काम समजून घेतले, त्यातला दोष अचूक दाखविला आणि एक पाऊल पुढे टाकले. पालकांनाही एक विनंती. मूल बंद पडलेले घड्याळ किंवा सायकल उघडून बसले तर लगेच रागावू नका. काय बिघडले आणि ते तुला कसे कळले, एवढे मात्र जरूर विचारा. वस्तू बाजारात विकत मिळते. तिचा दोष ओळखणारी नजर घरात आणि शाळेतच घडवावी लागते.