आत्याची गोळी

आमच्या लोहाऱ्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना कधी काय झालं ते विचारलं, तर साल सांगायची नाहीत. "रझाकारीच्या आधी", "बहात्तरच्या दुष्काळात", "भूकंप झाला त्याच्या आदल्या साली" अशी उत्तरं यायची. माझ्या थोरल्या आत्याच्या फेफऱ्याची हकिगत आज्जीनं मला याच तीन खुणांवर सांगितली. मधले दुवे काकांकडून कळले. दोघांच्या सांगण्यात फरक पडायचा, तिथं मी आज्जीचं धरलंय. आत्यापाशी रात्री जागलेली तीच होती.

लोहारा तेव्हा निजामाच्या राज्यात. आत्याला लहानपणी मोठा ताप आला होता, मान ताठ झाली होती, लेकरू चार दिवस बेशुद्ध होतं म्हणे. ताप गेला आणि झटके सुरू झाले. घरानं त्या काळी जे सुचेल ते सगळं केलं. अंगारा लावला, उतारे टाकले, दंडाला दोरा बांधला, तुळजापूरच्या आईला नवस बोलला. यात कुणाची माया कमी नव्हती. लेकीसाठी आजोबांनी गाय विकली होती, असं काका सांगायचे.

रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, त्रास वाढला तशी आसपासची पुष्कळ कुटुंबं सरहद्द ओलांडून सोलापूरकडं गेली. आमचं घरही रातोरात बैलगाडीतून निघालं. आत्या तेव्हा नऊ वर्षांची, असं आज्जी म्हणायची. काका अकरा म्हणायचे. सोलापुरात एका डॉक्टरांनी तिला तपासलं आणि आजोबांना समोर बसवून सांगितलं, की ही बाधा नाही, मेंदूचा आजार आहे. रोज गोळी द्या, एक दिवस चुकवू नका. त्यांचं नाव घरात कुणालाच आठवत नव्हतं, पण आज्जी त्यांना देवमाणूस म्हणायची.

ती गोळी बहुधा फेनोबार्बिटोनची असावी. पुढं आमच्या घरात सगळे तिला गार्डिनल म्हणत. तिचा इतिहास मी फार नंतर वाचला. जर्मनीत फ्रायबुर्गला हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर होता. वॉर्डातल्या रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून त्यानं हे झोपेचं औषध दिलं, आणि त्यांचे झटकेच कमी झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्यानं ते 1912 मध्ये प्रसिद्ध केलं. चरकानं फेफऱ्याचं अपस्मार या नावानं आजार म्हणून वर्णन केलं, त्याचे चार प्रकार सांगितले, त्याला तर दोन हजार वर्षं होत आली. एवढं ज्ञान असूनही आमच्या दारापर्यंत पोचायला त्याला रझाकारीची धावपळ लागली.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामानं शरणागती पत्करली, माणसं गावाकडं परतली. घर लुटलेलं, कणग्या रिकाम्या. त्या गडबडीत गोळ्या संपल्या. चार-सहा दिवसांत आत्याला एकामागून एक झटके आले. लोक म्हणाले, गावाच्या शिवेवर सोडलेलं भूत परत लागलं. खरं कारण औषध एकदम तुटणं हे होतं. ही औषधं अचानक थांबवली की झटके उलटून, जास्त जोरानं येतात. कधी ते जिवावरही बेततं. आजोबांना हे शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना उमगलं. मिळेल त्या गाडीनं ते सोलापूर गाठायचे आणि गोळ्या आणायचे. पुढं एसटी आली तेव्हा ते काम काकांकडं आलं.

एक झटका मी स्वतः पाहिलेला आहे. येळवसेचा, म्हणजे वेळ अमावास्येचा, दिवस होता. आमच्या भागात त्या दिवशी अख्खं गाव शेतात असतं. कडब्याची खोप, पाच पांडव, आंबिलाचं मडकं, भज्जी, उंडे, आणि वर ज्वारीचं हिरवंगार रान. आत्या मला वाढत होती. हातातली पळी खाली पडली, तिची नजर एका जागी थिजली आणि ती आडवी झाली. हातपाय ताठ, मग झटके. कुणी कांदा फोडायला धावलं, कुणी पायताण काढलं, कुणी तोंडात चमचा घालू पाहिला. आज्जी ओरडली, "धरू नगा तिला! तोंडात काय घालू नगा! कुशीवर करा, लाळ भाईर जाऊ द्या." तिनं डोक्याखाली स्वतःचा पदर घडी करून ठेवला, जवळचं गरम मडकं पायानं लांब सारलं आणि आत्याचं नाव घेत तिथंच बसून राहिली. आत्या शुद्धीवर आली तेव्हा आज्जीनं विचारलं, "भूक लागली का गं?"

आज डॉक्टर शिकवतात ते याहून फार वेगळं नाही. माणसाला कुशीवर वळवा, आसपासचं टोकदार आणि गरम दूर करा, दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा; पाच मिनिटांवर झटका चालला किंवा एकामागून एक झटके आले तर लगेच दवाखाना. घड्याळ तेवढं आज्जीकडं नव्हतं.

आत्याचं लग्न झालं होतं. वर्षाच्या आत तिला माहेरी आणून सोडलं. पुढं 1976 च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके विवाहाच्या आड येणारी गोष्ट म्हणून घातले गेले. 1999 मध्ये तो शब्द काढून टाकला. काकांनी ती बातमी पेपरात वाचून आत्याला सांगितली. ती म्हणाली, "बरं झालं, पोरींचं भलं होईल."

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आत्याही जायची. आज्जी तिच्या शेजारी बसूनच खडी फोडायची, आणि सुकडी वाटून घ्यायच्या आधी पदराच्या गाठीतली गोळी तिला द्यायची.

मग भूकंप. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. लोहारा तेव्हा उमरगा तालुक्यात होता. सास्तूर, होळी, राजेगाव ही आमच्या सोयऱ्याधायऱ्यांची गावं. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, तेच माणसांच्या अंगावर आलं. किल्लारीपासून इकडं मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घराची एक भिंत आत कोसळली आणि फडताळातला गोळ्यांचा डबा तिच्याखाली गेला. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. काका पावसात भिजत मदत छावणीत गेले आणि तिथल्या डॉक्टरांना त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं ते औषधाचं नाव. त्या वेळी आत्याला झटका आला नाही.

पुढं सास्तूरला स्पर्श रुग्णालय उभं राहिलं. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बाया शिकवून भारतवैद्य तयार केल्या. डॉ. निर्मल सूर्य यांच्या एपिलेप्सी फाउंडेशननं महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत फेफऱ्याची शिबिरं घेतली. मेंदूत विजेचा लोळ उठावा तसा हा आजार. जन्मताना गुदमरणं, डोक्याला मार, मेंदूज्वर, न धुतलेल्या भाजीतून पोटात जाणारी जंताची अंडी, अशी त्याची कारणं सापडतात. पुष्कळांत काहीच सापडत नाही. तो शिवल्यानं लागत नाही. नीट औषध मिळालं तर शंभरातली सत्तर माणसं झटक्यांवाचून राहू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या वडीलधाऱ्यांची आजाराबद्दलची समजूत चुकली असेल, त्यांची सोबत चुकली नाही. आपल्याकडं आज समजूत आहे. सोबत कमी पडते. म्हणून ज्यांच्या घरात असं लेकरू आहे, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. त्याला शाळेतून काढू नका. विहिरीवर, चुलीपाशी एकटं सोडू नका, पण कोंडूनही ठेवू नका. पोरीचं लग्न करताना आजार लपवू नका, आणि सून म्हणून अशी पोर आली तर तिला परत धाडू नका. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती संसार करेल, लेकरंबाळंही होतील. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि ती रोज ठरल्या वेळी द्यायचं काम घरातल्या एका माणसानं आपल्या अंगावर घ्यावं.