पंधरा एप्रिल

माझी भाची सध्या फोन पालथा घालून जेवायला बसते. डिसेंबरात तिने अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांत इंग्रजीच्या पीएचडीसाठी अर्ज केले. सहा नकार आले, एका ठिकाणी वेटलिस्ट, दोन ठिकाणांहून अजून चकार शब्द नाही. परवा भात कालवता कालवता म्हणाली, "मावशी, तू पण केले होतेस ना अर्ज? तुझ्या वेळी कसं होतं गं?" मी म्हटलं, "पोस्टमन होता." ती हसली, विषय संपला. माझ्या डोक्यातला मात्र संपला नाही, म्हणून लिहायला बसले. जरा इतिहासात शिरणार आहे मंडळी, कंटाळा आला तर सरळ शेवटाकडे उडी मारा :-)

इंग्रजी साहित्य हा विषय आपल्याला सनातन वाटतो, पण तसा तो फार जुना नाही. गौरी विश्वनाथन यांनी १९८९च्या 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट'मध्ये दाखवलंय की अभ्यासक्रम म्हणून तो इंग्लंडात रुजण्याआधी इथे, कंपनी सरकारच्या हिंदुस्थानात आकाराला आला. ऑक्सफर्डात इंग्रजीचा स्वतंत्र विभाग निघाला तो १८९४ साली, आणि डीफिल ही पदवी तर १९१७ची. अमेरिकेने पीएचडी जर्मनांकडून उचलली. येलने १८६१ साली पहिल्या तीन दिल्या, आणि १८७६ साली जॉन्स हॉपकिन्स निघालं ते संशोधनालाच वाहिलेलं. त्या नव्या विद्यापीठाने हार्वर्डच्या फ्रान्सिस चाइल्डला बोलावणं धाडलं. हा गृहस्थ पंचवीस वर्षं पोरांचे निबंध तपासत होता. तो हातचा जाईल म्हटल्यावर हार्वर्डने त्याला निबंधांतून सोडवलं आणि आपला पहिला इंग्रजीचा प्राध्यापक केलं. (निबंध तपासणाऱ्या समस्त भगिनींनी इथे एक सुस्कारा सोडावा.)

वाट बघण्याचा त्रास पदवीइतकाच जुना असावा. १९०३ साली विल्यम जेम्सने 'द पीएचडी ऑक्टोपस' नावाचा लेख लिहिला. त्याची सुरुवातच एका गोष्टीने होते. हार्वर्डचा एक हुशार विद्यार्थी, विषय तत्त्वज्ञान. त्याला दुसऱ्या एका संस्थेत इंग्रजी साहित्य शिकवायची नोकरी मिळाली. नेमणूक झाल्यावर संस्थेच्या लक्षात आलं की याच्याकडे पीएचडी नाही! हार्वर्डवाल्यांनी परोपरीने कळवलं की मुलगा उत्तम आहे, आणि तत्त्वज्ञानातल्या पीएचडीवरून साहित्य शिकवता येतं का हे काही ठरत नाही. संस्था ऐकेना, नावापुढे ती अक्षरं हवीतच. बिचाऱ्याने शिकवता शिकवता घाईघाईत प्रबंध लिहून पाठवला, आणि ज्यांनी त्याची एवढी तारीफ केली होती त्यांनीच तो नापास केला. पुढे दुसऱ्या खेपेला पास झाला. पण त्या दोन खेपांच्या मधले त्याचे महिने कसे गेले असतील, हे जेम्सने सांगितलेलं नाही. मला तो लेख आठवला की तेवढंच आठवतं.

पुढे परीक्षा आल्या. जीआरई १९३६ साली हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चौघांनी कार्नेगी फाउंडेशनबरोबर सुरू केली. आमच्या वेळी साधी जीआरई पुरत नसे, इंग्रजी साहित्याची वेगळी द्यावी लागे. साधारण २३० प्रश्न, वेळ पावणेतीन-तीन तास. बेवुल्फपासून टोनी मॉरिसनपर्यंत कुठलाही उतारा यायचा. ती परीक्षा २०२१ साली बंद झाली. भाचीला हे सांगितलं तर तिचा चेहरा असा, की मी जणू बैलगाडीने कॉलेजला जायचे.

पैशाची गोष्ट मात्र तेव्हाही होती आणि आताही आहे. स्पुटनिकच्या धक्क्यानंतर १९५८ साली अमेरिकन सरकारने तिथल्या विद्यार्थ्यांना पीएचडीसाठी पैसा ओतला. विद्यापीठं फुगली, प्राध्यापक कमी पडू लागले. आपल्याकडची माणसंही त्याच सुमारास जाऊ लागली. ए. के. रामानुजन पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९५९ साली फुलब्राइटवर इंडियानाला गेले. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक १९६१ साली कॉर्नेलला इंग्रजीसाठी गेल्या, त्या कर्ज काढून. इंग्रजी विभागाकडून आर्थिक मदत मिळेना, म्हणून तौलनिक साहित्यात गेल्या. तिथे पॉल द मान होते, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आपले विलास सारंग तर मुंबईची एक पीएचडी असताना दुसरी करायला इंडियानाला गेले, १९७४ साली ती मिळवली आणि पुढे मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख झाले. स्पिवाकबाईंची गोष्ट मी नंतर वाचली. आधी वाचली असती तर... असो.

१९७०च्या आसपास तिथल्या नोकऱ्यांचा फुगा फुटला, तो पुन्हा नीट फुगलाच नाही. १९८९ साली बोवेन आणि सोसा यांचं एक पुस्तक आलं. १९९०चं दशक संपता संपता मानव्यशाखांत प्राध्यापकांचा तुटवडा पडेल, असं भाकीत त्यात होतं. ते साफ चुकलं. जुने निवृत्त झाले, पण त्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी कंत्राटी माणसं आली. आमच्या पिढीला मात्र "आता जागा निघणार बरं का" हे ऐकवलं जात होतं, पुण्यातसुद्धा.

त्या आशेवर मी १९९८च्या डिसेंबरात पाच अर्ज केले. मुंबईला युसेफीच्या वाचनालयात बसून पत्ते उतरवून घेतले. फीचे डॉलरमधले ड्राफ्ट, शिक्के मारलेली बंद पाकिटं, टाइप केलेला वीस पानी निबंध. मग फेब्रुवारीपासून रोज साडेअकराला गॅलरीत. पातळ पाकीट म्हणजे नकार आणि जाड म्हणजे प्रवेश, हे शास्त्र तेव्हा सगळ्यांना पाठ होतं. चार पातळ आली. घरी सगळ्यांना माहीत आहे की पाचवंही पातळ होतं.

ते जाड होतं.

प्रवेश दिला होता, पण शिष्यवृत्ती नव्हती. वर्षाला वीस हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेआठ लाख. तिथे 'पंधरा एप्रिल'चा एक ठराव आहे. बरीच विद्यापीठं तो पाळतात. पैसे देऊ केलेल्या विद्यार्थ्याला त्या तारखेच्या आत उत्तर द्यायची सक्ती करायची नाही. म्हणजे कुणी नकार कळवला की त्याची शिष्यवृत्ती शेवटच्या दिवसांत दुसऱ्याकडे सरकू शकते. मी त्या सरकण्याची वाट बघत होते. पंधरा एप्रिल गेला, वीस गेला. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी तळेगावचा प्लॉट विकला असता, याची मला शंभर टक्के खात्री होती. धाकटीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. मी "नकारच आला" म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यांचं नुकसान." पत्र नॉर्टनच्या दुसऱ्या खंडात ठेवलं, ते अजून तिथेच आहे.

आई, तू हे वाचत असशील तर रागावू नकोस. आणि धाकटे, तू तर मुळीच काही बोलू नकोस, तुला फोन करतेच आहे.

मला पश्चात्ताप आहे का? खरं सांगायचं तर वर्षातून एकदा होतो, एप्रिलमध्ये, मग उत्तरपत्रिका येतात. पण खोटं बोलल्याचं वाईट वाटतं, ते बाबांच्या त्या वाक्यामुळे. त्यांना आपली मुलगी कमी पडली असं वाटलं नाही हे खरं, पण तिला घेतलं होतं हेही त्यांना कधी कळलं नाही.

भाचीचा काळ माझ्याहून बिकट आहे. २०२०च्या साथीत कित्येक इंग्रजी विभागांनी प्रवेशच थांबवले. २०२५च्या वसंतात निधी कापला गेला, तेव्हा काही विद्यापीठांनी देऊ केलेले प्रवेश मागे घेतले, आणि त्याच ऑगस्टमध्ये शिकागोने मानव्यशाखेतल्या बऱ्याच विषयांचे पुढल्या वर्षाचे प्रवेश थांबवत असल्याचं जाहीर केलं. एक बरं, हल्ली बऱ्याच चांगल्या ठिकाणी प्रवेश देतात तो पाच-सहा वर्षांच्या खर्चासकट. बिनपैशाचं जाड पाकीट तिला बहुधा येणार नाही.

काल रात्री तिला नॉर्टनमधलं ते पत्र दाखवलं. तिने दोनदा वाचलं, कागद उजेडात धरून वॉटरमार्क बघितला आणि म्हणाली, "मावशी, मला वेटलिस्टवाल्यांना मेल लिहायचाय. अजून इच्छुक आहे म्हणून. इंग्रजी बघशील?" मग साडेबारापर्यंत आम्ही सहा ओळींचा मेल लिहीत बसलो होतो. 'होप' हा शब्द तीनदा आला होता, त्यातले दोन काढले.