युद्धइतिहासावर पीएचडी करायची तर पैसा कुठून मिळतो?

आपल्या भंडारा रोड स्टेशनवरून नागपूरकडे निघालं की कामठी लागते. ही छावणी इंग्रजांनी १८२१ साली वसवली. त्याआधी नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीवर नागपूरकर भोसले आणि कंपनीची लढाई झाली. भोसल्यांच्या बाजूने अरब शिपाई लढले, आणि डिसेंबरात नागपूर शहर सोडायला तेच शेवटपर्यंत तयार नव्हते. या शिपायांचं पुढे काय झालं, छावणीभोवती कोणती वस्ती उभी राहिली, यावर उत्तम प्रबंध होऊ शकतो. त्यातूनच पुढे प्रदर्शन, स्मारकावरच्या नावांची नोंद, शाळांसाठी पुस्तिका अशी लोकांपुढची कामंही निघतात. पण एमए झालेली मुलं इथेच थांबतात. घरचा सवाल एकच असतो: पाच वर्षं खर्च कोण देणार?

पूर्वी उत्तर सोपं होतं. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २००९ पासून अल्पसंख्याक संशोधकांना मिळत असे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ती बंद केल्याचं लोकसभेत सांगितलं. कारण दिलं, इतर योजनांशी ती एकमेकांत मिसळते. ज्या मुलीला ओबीसीचा दाखला नाही आणि जेआरएफ थोडक्यात हुकली, तिला हे कारण कसं पटावं?

आता मुख्य आधार यूजीसी-नेटचा. इतिहास किंवा संरक्षण व सामरिक अभ्यास, दोन्ही विषयांत परीक्षा देता येते. एमएला ५५ टक्के लागतात, नॉन-क्रिमीलेअर ओबीसींना ५०. जेआरएफला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत, पुढे एसआरएफ झाल्यावर ४२,०००. वरून घरभाडं. वयाची अट ३०, मुलींना आणि ओबीसींना ५ वर्षं सूट. इथे एक गफलत होते. नेटच्या निकालात आता तीन गट असतात आणि पैसा फक्त जेआरएफच्या गटाला मिळतो. “केवळ पीएचडीसाठी पात्र” म्हणजे प्रवेशाची वाट खुली, खिसा मात्र रिकामाच.

मोमीन, अन्सारी वगैरे ओबीसी बिरादरीतल्या मुलांनी नागपूरच्या महाज्योतीची पीएचडी फेलोशिप जरूर बघावी. ती नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी आहे, पण आधी पीएचडीची नोंदणी झालेली हवी. दाखल्याचं बघा: नेटसाठी केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा तिथे चालत नाही. तहसीलचे हेलपाटे जाहिरात यायच्या आधीच उरका.

दिल्लीची भारतीय इतिहास संशोधन परिषदही पीएचडीच्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देते. जाहिरात तिच्या संकेतस्थळावर येते. मात्र दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं पीएचडीला फी माफ करून शिकवण्याच्या बदल्यात मानधन देतात, पण तिथे इंग्रजीची तयारी आणि नमुन्यादाखल लिहिलेला संशोधन निबंध लागतो.

विषय ठरवताना कागद कुठे आहेत ते आधी बघा. नागपूर आणि मुंबईचे अभिलेखागार, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार, खडकीचं युद्धस्मारक ही सुरुवातीची ठिकाणं. जुने मराठी कागद मोडीत असतात, काही फारसीत. उर्दू वाचणाऱ्या मुलाला फारसी लिपी अर्धी येतच असते.